आत्याचा दहावा

रविवार, रात्र

आज नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात प्रवरेच्या काठी आत्याचा दहावा झाला. प्रवचन लांबलं, मग श्रद्धांजलीची भाषणं. माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, हेडमास्तर... ज्याच्या हातात माइक गेला त्याने तिला त्यागमूर्ती करून टाकलं. आत्या असती तर तिथल्या तिथे म्हणाली असती, "माझं प्रवासभत्त्याचं बिल दोन मार्चअखेरी अडकून होतं, तेव्हा कुठं होता रे?"

दिवसभर तेच डोक्यात आहे. ती फार मायाळू होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आम्हा भावंडांना तिचा धाकच होता. पण तिला तिचं काम येत होतं, आणि त्याबद्दल आज एकही माणूस बोलला नाही.

एएनएमचं, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या नर्सचं, ट्रेनिंग करून ती तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या आरोग्य उपकेंद्रात रुजू झाली. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा नियम. तीन हजार आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण त्या वाड्या इकडे एक आणि ओढ्यापलीकडे एक. घाटघर-रतनवाडीकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला श्रावणातली गृहभेट म्हणजे काय ते सांगायला नको.

सुट्टीत मी तिच्याकडे राहायचो. लसीकरणाच्या दिवशी ती पहाटेच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जायची, मला बरोबर घेऊन. फ्रीजरमधले आइसपॅक काढून टेबलावर मांडायची आणि नुसती बसून राहायची. मला घाई. तिला नाही. पॅकला घाम सुटला, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, की मगच ते लस न्यायच्या निळ्या डब्यात जायचे. पोलिओच्या लशीला ऊन सोसत नाही आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या त्रिगुणीला गोठणं सोसत नाही, आणि दोघी एकाच डब्यात न्यायच्या. त्रिगुणी गोठल्याचा संशय आला तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून उजेडात धरायच्या. कोणत्या बाटलीत कण भराभर तळाला बसतात ते बघायचं. संशयाची बाटलीही तशीच वागली तर ती बाद. "पोराला टोचलं आणि गुण नाही आला, तर टोचलंच कशाला? रडवायला?" हे तिचं शास्त्र.

दीड, अडीच, साडेतीन महिने आणि मग नवव्या महिन्याला गोवर. हा हिशेब ती झोपेतही सांगायची. डाव्या दंडावर बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा, फोड आला की बाया घाबरून यायच्या. म्हणून टोचतानाच सांगून ठेवायची, की फोड येईल, पिकेल, काही लावायचं नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. शंभर गोळ्या हातात देऊन निघून जाणाऱ्या सिस्टर होत्या. ही आधी सांगायची, शौचाला काळं होईल, घाबरून उकिरड्यावर टाकू नका, आणि चहाबरोबर घेऊ नका. पुढच्या भेटीत गोळ्या मोजायची. हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवताना तिच्याशी बोललेलं चालायचं नाही.

सुईणींशी ती कधी भांडली नाही. तिच्या बरोबरीच्या काहीजणी त्यांना अडाणी म्हणायच्या, आत्या त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायची. हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ ही पाच स्वच्छतांची यादी तिने एका म्हाताऱ्या सुईणीला बोटांवर पाठ करून दिली होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. नाळेला राख-शेण काही लावायचं नाही, हे शेवटचं बोट म्हातारीला सगळ्यात जड गेलं. धनुर्वाताने आठवड्याच्या आत जाणारी बाळं दोघींनीही पाहिली होती. 2015 मध्ये देश माता आणि नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं तेव्हा आत्या निवृत्त होती. बातमी मीच वाचून दाखवली. "बरं झालं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

पल्स पोलिओ 1995 ला सुरू झालं, पुढे घरोघरी फिरणं आलं, तेव्हापासून तिच्या पर्समध्ये खडू असायचाच. दारावर 'पी' म्हणजे घरातली सगळी पोरं झाली, 'एक्स' म्हणजे परत यायचं. 'एक्स' ठेवून घरी येणं तिला रुचत नसे. मेंढरांमागे गेलेलं पोर शोधायला अंधार पडेपर्यंत थांबायची.

एका गोष्टीवर मात्र ती कडू व्हायची, कुटुंबनियोजनाच्या 'केसेस'वर, म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनांवर. मार्चअखेर आली की वरून दट्ट्या: टार्गेट झालं नाही तर पगार रोखू. 1996 मध्ये टार्गेट काढलं, कागदावर तरी. त्याआधीच्या वर्षांबद्दल ती नावं घेऊन बोलायची. मी ती इथे लिहीत नाही. एवढंच, की तिने एका बाईला परत पाठवलं होतं, कारण नवराच सह्या करत होता आणि बाई खाली मान घालून बसली होती. त्या वर्षीची वेतनवाढ लांबली. ही गोष्ट आज सांगितली असती कुणी, तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, तरीही.

संध्याकाळी काकूने तिची लोखंडी पेटी उघडली. साड्या थोड्या, फायली जास्त. वेतन आयोगाच्या फरकाचा अर्ज, त्यावर आवक क्रमांक, प्रत्येक स्मरणपत्राची पोच, क्रमाने टाचलेली. फरक अजून मिळालेला नाही. शेवटच्या पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय : साहेब गुरुवारी असतात.

दर नोव्हेंबरला स्वतः जिवंत असल्याचा दाखला देऊन आलेली बाई. आता मृत्यूचा दाखला जोडून वारसांनी अर्ज करायचा, असं काका म्हणतात. झेरॉक्स उद्याच काढून घेतो. गुरुवारी जायचंय.