तीन पंतप्रधानबाई आणि एक पगारपत्रक

न्यूझीलंडला राहते म्हटलं की समोरचा दोनच विषय काढतो: क्रिकेट, नाहीतर जसिंडा, म्हणजे इथल्या माजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न. त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं ते जानेवारी 2023 मध्ये. मग क्रिस हिपकिन्स आले, त्याच वर्षीच्या निवडणुकीत तेही गेले आणि क्रिस्टोफर लक्सन आले. पण घरून येणाऱ्या फोनवर अजून जसिंडाबाईंचंच राज्य चालू आहे. आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "बाईच्या हाती कारभार असला की त्यात माया असतेच गं!"

मी वेलिंग्टनजवळच्या एका वृद्धनिवासाच्या कचेरीत पगाराचं काम बघते. तिथे बसून जे दिसतं ते या वाक्यात नीट मावत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास, कारण इथल्या लोकांना तो सांगायला भारी आवडतो. बायकांना मताचा हक्क देणारा हा जगातला पहिला स्वशासित देश, तारीख 19 सप्टेंबर 1893. त्या चळवळीच्या केट शेपर्ड दहा डॉलरच्या नोटेवर आहेत. पुढचा भाग मात्र मंडळी जरा आवाज उतरवून सांगतात. मत मिळालं, पण निवडणुकीला उभं राहायची मुभा मिळाली 1919 साली, आणि पहिल्या महिला खासदार एलिझाबेथ मॅककोम्ब्स संसदेत पोचल्या 1933 मध्ये. म्हणजे मतपेटीपासून बाकापर्यंतचं अंतर कापायला चाळीस वर्षं लागली.

नंतर वेग आला तो मुख्यतः मतदानाची पद्धत बदलल्यामुळे. 1996 पासून इथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांवर पक्षाच्या यादीतली माणसं संसदेत येतात, आणि यादीत बायकांना वर घ्यायचं की तळाला ढकलायचं हे मतदारांसमोर उघड होतं. 1993 च्या निवडणुकीनंतर संसदेत 21 बायका होत्या, 1996 नंतर 35 झाल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये तर बायका पुरुषांपेक्षा एकाने जास्त झाल्या होत्या. (जाता जाता: पक्का रहिवासी व्हिसा असेल आणि वर्षभर सलग राहिलेले असाल, तर भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं. मी 2020 ला पहिल्यांदा दिलं, ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. नाव-पत्ता सांगितला, मतपत्रिका हातात आली. मीच उगाच पर्समध्ये पासपोर्ट घेऊन गेले होते.)

आणि पंतप्रधान? आजवर तीन बायका. नॅशनल पक्षाच्या जेनी शिप्ली 1997 ते 1999, लेबरच्या हेलन क्लार्क 1999 ते 2008 आणि आर्डर्न 2017 ते 2023. 1999 ची निवडणूक तर शिप्ली विरुद्ध क्लार्क अशीच झाली. 2005-06 च्या सुमारास पंतप्रधान, गव्हर्नर-जनरल, सरन्यायाधीश आणि संसदेचे सभापती या चारही पदांवर बायका होत्या, आणि वर देशप्रमुख म्हणून राणी एलिझाबेथही होतीच. तेव्हा बाईच्या राज्यात नेमकं काय बदलतं हे बघायचं तर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता मायेचं बघू. 1990 च्या अखेरीस नॅशनल पक्षाचं सरकार आलं. अर्थमंत्री रूथ रिचर्डसन, समाजकल्याणमंत्री जेनी शिप्ली. या दोघींच्या कारकिर्दीत, एप्रिल 1991 पासून, सरकारी भत्ते कापले गेले. बेकारांचे, आजाऱ्यांचे, आणि एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांचे, म्हणजे बहुतांशी बायकांचेच. आमच्या वृद्धनिवासात एक आजी आहेत. संसदेचं अधिवेशन असलं की मंगळवार ते गुरुवार, दुपारी दोनला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, तेव्हा त्यांच्या खोलीत टीव्हीवर संसद लागलेली असते. आवाज इतका मोठा की माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतो. त्यांची मुलगी त्या काळात दोन लहान मुलांना घेऊन एकटी राहत होती आणि तिचा भत्ता कापला गेला होता. मी एकदा विचारलं, बाईनेच हे केलं म्हणून जास्त वाईट वाटलं का हो? आजी म्हणाल्या, "जास्तही नाही आणि कमीही नाही. डॉलर तेवढेच कमी झाले ना!"

या दोन मंत्र्यांना मी निर्दयी म्हणणार नाही. त्यांचा अर्थविचार तसा होता आणि त्या त्याला प्रामाणिक राहिल्या, पुरुष मंत्री राहिले असते तशाच. उलट हेलन क्लार्क यांच्या काळात पगारी बाळंतपणाची रजा आली (2002), मुलं असलेल्या कमी उत्पन्नाच्या घरांना मदत आली. पण त्यांना मायाळू कुणीच म्हणालं नाही. त्यांच्या कडक कारभारावरून विरोधकांनी राजधानीला 'हेलनग्राड' असं नाव ठेवलं होतं. त्यांना मूलबाळ नाही याचीही चर्चा व्हायची. म्हणजे ज्या बाईने आयांच्या पदरात सगळ्यात जास्त टाकलं, तीच थंड आणि कोरडी ठरली. माया बघणाऱ्याच्या डोळ्यांत किती आणि कारभारात किती, हा प्रश्न मला तिथपासून पडलेला आहे.

आर्डर्न यांचं प्रकरण थोडं वेगळं. ऑगस्ट 2017 मध्ये त्या पक्षनेत्या होताहेत न होताहेत, तोच टीव्हीवर त्यांना मूल कधी, असं विचारून झालं. त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं की स्वतःपुरतं मी उत्तर देईन, पण कामाच्या ठिकाणी कुठल्याही बाईला हे विचारणं 2017 सालात चालणार नाही. जून 2018 मध्ये पदावर असतानाच त्यांना मुलगी झाली. पंतप्रधानपदावर असताना बाळंत झालेल्या त्या बेनझीर भुट्टोंनंतरच्या दुसऱ्याच. त्यांनी मुलांच्या गरिबीचं खातं स्वतःकडे ठेवलं, आणि सरकारने गरिबी कमी करण्याची उद्दिष्टं जाहीर करून त्यांचा हिशोब द्यायचा असा कायदा 2018 मध्ये केला. बाळंतपणाची पगारी रजा 18 आठवड्यांवरून आधी 22 आणि मग 26 आठवडे झाली. 2021 पासून शाळांत मुलींना पाळीच्या पॅडसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. गर्भपात फौजदारी कायद्यातून 2020 मध्ये बाहेर निघाला.

ही यादी बघताना मला वाटतं, बाईपणाचा परिणाम शोधायचा तो इथे. निर्णय कोणत्या बाजूने लागतो यावर पक्षाचा शिक्का असतो. पण कोणता विषय टेबलावर येतो, यावर टेबलाभोवती कोण बसलंय याचा परिणाम होतो. पाळीमुळे मुली शाळा बुडवतात हा मुद्दा सगळ्या पुरुषांच्या मंत्रिमंडळात कुणी अडवला असता असं नाही. तो कुणाच्या डोक्यातच आला नसता. याला आपल्याकडचा पुरावाही आहे. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. राखीव जागांची पाळी चिठ्ठीसारखी फिरत असल्याने तुलना स्वच्छ होती. जिथे सरपंचपद बाईकडे होतं तिथे दोन्ही राज्यांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांचं मात्र बंगालमध्ये जास्त आणि राजस्थानात कमी. कारण सरळ आहे, दोन्हीकडच्या बायकांच्या तक्रारीच वेगळ्या होत्या. पाणी कोण भरतं हे ज्याला माहीत, तो नळाचा विचार आधी करतो.

ख्राइस्टचर्चबद्दल मात्र माझं मत घरच्यांना पटत नाही. 15 मार्च 2019 ला दोन मशिदींत 51 माणसं मारली गेली. डोक्यावर ओढणी घेऊन त्या कुटुंबांना जवळ घेणाऱ्या पंतप्रधानबाईंचा फोटो जगभर गेला, तो मलाही विसरता येत नाही. पण कारभार म्हणाल तर तो 10 एप्रिलला झाला, निमस्वयंचलित बंदुकांवरच्या बंदीचा कायदा 119 विरुद्ध 1 मताने संमत झाला तेव्हा. आणि 1996 मध्ये पोर्ट आर्थरच्या गोळीबारात 35 माणसं गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत सगळ्या राज्यांना बंदुकांच्या कडक नियमांवर एकत्र आणणारे ऑस्ट्रेलियाचे जॉन हॉवर्ड चांगले जुन्या वळणाचे पुरुष होते. कोविडचंही तसंच. 2020 मध्ये जिथे तिथे लेख आले की बायकांच्या हाती कारभार असलेले देश बचावले. न्यूझीलंड, तैवान, फिनलंड, डेन्मार्क ही नावं सगळ्यांनी लिहिली. त्याच वर्षी सोफी विल्मेस पंतप्रधान असलेल्या बेल्जियममध्ये लोकसंख्येच्या मानाने मृत्यूंचं प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी होतं. ते नाव यादीत कुणी घेतलं नाही.

या कौतुकाची किंमतही बाईच मोजते. माया तुमची खूण ठरली की पहिल्या कठोर निर्णयाला लोक विश्वासघात म्हणतात. लसीची सक्ती आल्यावर 2022 च्या फेब्रुवारीत संसदेच्या हिरवळीवर तंबू पडले, ते मार्चच्या सुरुवातीला पोलिसांनी उठवले. 2019 ते 2021 या काळात आर्डर्न यांना आलेल्या धमक्यांची पोलिसांकडची नोंद जवळजवळ तिप्पट झाली होती.

आता पगारपत्रक.

आमच्याकडच्या केअरगिव्हर म्हणजे म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री दोनला चादर बदलणाऱ्या. जवळजवळ सगळ्या बायका: फिलिपिन्सच्या, फिजीच्या, केरळच्या, सामोआच्या, माओरी. क्रिस्टीन बार्टलेट नावाच्या अशाच एका केअरगिव्हरने, वीस वर्षांहून जास्त अनुभव असूनही किमान वेतनाच्या जरासं वर पगार मिळतो म्हणून, युनियनच्या मदतीने 2012 मध्ये दावा लावला. म्हणणं असं की हे काम बायकांचं समजलं जातं म्हणूनच स्वस्त आहे. 1972 चा समान वेतनाचा कायदा त्यांच्या कामी आला, अपील न्यायालयाने 2014 मध्ये मुद्दा मान्य केला, आणि शेवटी सरकारने दोन अब्ज डॉलरची तडजोड केली. सुमारे 55,000 जणांचा पगार 1 जुलै 2017 पासून वाढला.

त्या जुलैतला पगार मी केला होता. किमान वेतन होतं तासाला 15.75 डॉलर, आणि नव्या तक्त्याची सगळ्यात खालची पायरी 19 डॉलरची. नवे दर भरले तेव्हा प्रणालीने प्रत्येक नावापुढे लाल इशारा दाखवला, कारण एवढी वाढ तिला चूक वाटत होती. एकेक नाव उघडून 'होय, बरोबर आहे' करत गेले. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीची एक बाई पावती घेऊन आली आणि म्हणाली, चुकून जास्त आलेत, परत कधी कापणार?

ही तडजोड केली तेव्हा पंतप्रधान होते बिल इंग्लिश. पुरुष, नॅशनल पक्षाचे. आर्डर्न यांच्या काळात 2020 मध्ये असे दावे लावणं सोपं करणारा कायदा झाला. आणि मे 2025 मध्ये लक्सन सरकारने तातडीची बाब म्हणून, समितीकडे न पाठवता, लोकांचं म्हणणं न ऐकता, नवा कायदा करून त्या अटी कडक केल्या. चालू असलेले 33 दावे रद्द झाले. त्यात केअरगिव्हरांचाही होता. विधेयक आणणाऱ्या कामगारविषयक मंत्री ब्रूक व्हॅन व्हेल्डन, अर्थमंत्री निकोला विलिस. दोघीही बायका. अर्थसंकल्पात यातून चार वर्षांत 12.8 अब्ज डॉलर वाचल्याचा हिशोब आला. दरम्यान 2017 च्या तक्त्यातल्या वाढी थांबलेल्या, आणि वाढत गेलेलं किमान वेतन, 2025 मध्ये तासाला 23.50 डॉलर, खालच्या पायरीच्या पुढे निघून गेलेलं.

त्यावर एका महिला पत्रकाराने या मंत्रिणींना उद्देशून स्तंभात असा शब्द वापरला की तो मी इथे लिहू शकत नाही. व्हॅन व्हेल्डन यांनी तोच शब्द संसदेत उच्चारून सांगितलं की बाईबद्दल असं बोलणं आपल्याला मान्य नाही. मला तो कायदा मुळीच पसंत नाही, पण या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूची आहे. इंग्लिश यांनी तडजोड केली तेव्हा पुरुषजातीला शाबासकी मिळाली नव्हती, मग कायदा कडक केल्यावर बाईजातीशी गद्दारी कुठून आली? टीका कायद्यावर करा. त्यात पुरेसं आहे.

आता गंमत बघा. या कायद्यानंतर मेरिलिन वॉरिंग पुढे आल्या. 1975 मध्ये 23 व्या वर्षी नॅशनलच्या खासदार झालेल्या, 1984 मध्ये अणुमुक्त देशाच्या प्रश्नावर स्वतःच्याच पंतप्रधानांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या, आणि पुढे घरातलं बिनपगारी काम देशाच्या उत्पन्नात का धरत नाहीत हे जगाला विचारणाऱ्या. संसदेने लोकांचं ऐकलं नाही, तर आम्ही ऐकतो, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या पक्षांतल्या माजी महिला खासदारांची दहा जणींची लोकसमिती बसवली. नॅशनलच्या आहेत, लेबरच्या आहेत, ग्रीनच्याही. सत्तेत असताना यातल्या काही जणी एकमेकींच्या विरोधात हिरिरीने मत देत होत्या.

पक्षाचा व्हिप डोक्यावर नसला की बायका काय करतात, याचं उत्तर मला त्या समितीत थोडंफार दिसतं. आमच्या आजींनी मात्र ते ऐकून हात उडवला. "माजी झाल्यावर सगळ्याच शहाण्या होतात," म्हणाल्या, आणि दोन वाजत आले होते म्हणून रिमोट शोधायला लागल्या.

2026 च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते पुरुष आहेत, लक्सन आणि हिपकिन्स. लेबरने 2025 चा कायदा मागे घेऊ असं म्हटलंय. पण त्या वाचलेल्या 12.8 अब्जांची जागा कशाने भरणार, हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय. रात्रपाळीच्या बायका पगाराच्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन हाच प्रश्न विचारतात.