किल्ली होती, तरी रिंग निघेना

सर्जरीच्या रात्रपाळीला केसपेपरवर ‘प्रायव्हेट पार्टला सूज’ एवढंच लिहून आलेला पेशंट काहीही घेऊन आलेला असू शकतो. हायड्रोसील, पीळ पडलेला वृषण, क्वचित विंचूदंशसुद्धा. हा पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पाय फाकवून चालत आला. मला बघून म्हणाला, "सर नाहीत का कुणी?" नाहीत म्हटलं, मीच आहे. पडदा ओढला, वॉर्डमामांना बाहेर पाठवलं, तेव्हा तो बोलायला लागला. आधी म्हणाला, नळाची रिंग अडकलीय. चादर सरकवल्यावर कळलं, नळाशी तिचा काही संबंध नव्हता.

चॅस्टिटी केज म्हणजे शिश्नावर बसणारा प्लास्टिकचा पिंजरा. त्याला धरून ठेवायला एक रिंग असते, ती शिश्न आणि अंडकोश दोन्हींच्या मागून जाते. दोन्ही भाग कुलपाने जोडायचे आणि किल्ली जोडीदाराकडे ठेवायची. जोडप्यांचा आपापसातला खेळ आहे, त्यात मला नाक खुपसायचं कारण नव्हतं. याची बायको किल्ली पर्समध्ये घेऊन बाहेर उभी होती. कुलूप घरीच उघडलं होतं, पिंजराही निघाला होता. अडकली होती ती मागची रिंग.

तो प्लास्टिक मोल्डिंगच्या धंद्यातला. सांगताना लाज कमी होत गेली आणि इंजिनीअर वर येत गेला. रिंग मुळात दोन अर्ध्या तुकड्यांची, उघडमीट होणारी. त्या फटीत कातडी चिमटायची, म्हणून त्याने दोन्ही जोड सुपरग्लूने बंद केले, वरून पॉलिश पेपर मारला, पिंजऱ्याला हवेसाठी ड्रिलने भोकं पाडली. काम सुबक होतं, आमच्या काही रिट्रॅक्टरच्या, म्हणजे ऑपरेशनला जखम उघडी धरायच्या हत्यारांच्या, कडा इतक्या गुळगुळीत नाहीत. पण उघडणाऱ्या रिंगचं आता अखंड कडं झालं होतं. ते एकेक वृषण आणि मग शिश्न असं ओढून सकाळी घालता आलं. सूज आल्यावर त्या वाटेने परत यायची सोय राहिली नाही.

शिरांमधला दाब कमी असतो, त्यामुळे आवळलं की आधी त्या मिटतात. धमनीतून रक्त येत राहतं, परत जायला वाट नसते. सूज वाढते, रिंग आणखी रुतते. तेल, साबण, बर्फ, सगळं घरी करून झालं होतं. वेळ मात्र दवाखान्यात सांगायचं काय, या विचारातच जास्त गेला होता.

रंग जांभळट होता, पण स्पर्श कळत होता. रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्रावर रक्ताचा आवाज येत होता, दोन्ही वृषणांकडेही. अशा दुखापतींची भट यांची १९९१ची पाच पायऱ्यांची प्रतवारी आहे. हा पहिल्या पायरीवर होता. पाचवी म्हणजे गँगरीन. कुणी जबरदस्ती केली का, हे मी बायको नसताना विचारलं. तो जवळजवळ दुखावलाच. "मॅडम, डिझाइन माझं आहे."

बायको मात्र व्यवहारी निघाली. "नेलपेंट रिमूव्हर आणलंय. त्याने ग्लू सुटतो ना?" सुटतो, त्यातल्या ॲसिटोनने. पण वेळ लागतो, आणि त्या सुजलेल्या कातडीवर ॲसिटोन म्हणजे आगच. ठेवा म्हटलं पर्समध्ये.

भूल देऊन प्लास्टर कापायचं मशीन लावलं. त्याचं पातं गरगर फिरत नाही, थरथरतं, म्हणून मऊ कातडी सहसा कापली जात नाही. पण घर्षणाने प्लास्टिक वितळून पात्याला चिकटायला लागलं आणि रिंग गरम झाली. लगेच थांबवलं. मग ऑर्थोच्या सिस्टरना उठवून बोन निबलर मागवला, हाड कुरतडायचा. रिंगखाली पातळ धातूची पट्टी सरकवली, सिस्टर वरून थंड सलाइन सोडत होत्या, आणि मी कण-कण कुरतडत गेले. एका बाजूला आरपार गेले तरी रिंग उघडेना, प्लास्टिक चिवट होतं. दुसरी जागा त्याच्या जोडाची निवडली. सुपरग्लू सरळ ओढ सोसतो, पण झटका आणि पिळा त्याला मानवत नाही. निबलर अडकवून मनगट वळवलं, टक्कन तुटला.

तासाभरात त्याला स्वतःहून लघवी झाली, कॅथेटर लागला नाही. सकाळी राउंडला त्याने हळूच विचारलं, तुकडे मिळतील का? जोड कुठून सुटला ते बघायचंय. सिस्टरनी युरिनच्या डबीत घालून दिले. बायको म्हणाली, "घरी चल, बघते तुला."

ओपीडीत दोघं आले तेव्हा सूज पूर्ण उतरली होती. नवा प्रश्न त्याचा तयार होता, स्टीलची घेतली तर? मी म्हटलं, स्टील आमच्या निबलरने कापलं जात नाही. त्याला ग्राइंडर लागतो, कधी अग्निशमन दलाची माणसंही बोलवावी लागतात. घ्यायचीच तर उघडणारी घ्या, बिजागरीला हात लावू नका आणि ती घालून झोपू नका. झोपेत पुरुषाला आपोआप ताठरता येते, रिंगचं माप तेव्हा पुरत नाही. त्याने हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि वर्नियरने माप कधी घ्यावं ते विचारलं.