प्रार्थनेचा विषय

बुधवार, रात्र

आज तेविसावा दिवस. रात्री दहा वाजले की मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे मी तेवीस दिवस पाळलं. वहीच्या मागच्या पानावर रोज एक उभी रेघ मारते, पाचवी आडवी. अंथरुणात पडून दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांच्या सहली, दुसऱ्यांची गुणी मुलं बघत बसायची आणि मग स्वतःच्या आयुष्यावर रुसून झोपायचं, ही सवय कित्येक वर्षांची. त्यात उघड पाप म्हणावं असं काही नाही, म्हणून तर ती इतकी टिकली. आज चर्चच्या प्रार्थनासभेत याची साक्ष द्यावी, सगळ्यांसमोर अनुभव सांगावा, असंही मनात होतं.

साक्ष राहिली. भलतंच बोलून आले.

पाळकांनी नेहमीसारखे प्रार्थनेचे विषय विचारले. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची मुलाखत. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, "आपल्यातल्या एका बहिणीसाठी करू या. नाव नको घ्यायला. घरात फार ताण आहे. नवराबायकोत बोलणं बंद आहे, वेगळं राहायचा विचार चाललाय तिचा." एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण पुढे म्हणाले, "दोन लहान मुली आहेत हो." त्या वाक्याने नाव घेतल्यासारखंच झालं. आमची मंडळी आहे केवढीशी.

रोजनिशी आहे, तर खरं लिहिते. मी बोलत असताना खोली एकदम शांत झाली, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मला छान वाटलं. तिची काळजी वाटत नव्हती असं नाही. पण छानही वाटलं. तिने ते मला एकटीला सांगितलं होतं, माझा हात धरून.

मोबाईल बाहेर ठेवला. चोविसावी रेघ उद्या.

गुरुवार, पहाट

झोप नीट लागली नाही. बायबलमधलं मत्तय ४ काढलं.

चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येतो, तीनदा मोह घालतो, आणि येशू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून उत्तर देतो: एकदा आठव्या अध्यायातून, दोनदा सहाव्यातून. हे संडे स्कूलपासून पाठ. आम्हाला शिकवलेलं तात्पर्यही पाठ: वचनं तोंडपाठ ठेवा, मोह आला की वचन समोर धरा. मधल्या परीक्षेकडे मात्र मी कधी थांबून बघितलं नव्हतं. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतान म्हणतो, खाली उडी टाक, आणि लगेच स्वतःच वचन काढून दाखवतो, स्तोत्र ९१ मधलं. दूत तुला हातांवर झेलतील म्हणून. वचन खरंच तिथे आहे. त्याचंही पाठांतर चांगलं.

काल माझ्याकडे जे आलं ते असंच, प्रार्थनेच्या भाषेत बोलत आलं. "मनावर ओझं आहे म्हणून सांगते", "फक्त प्रार्थनेसाठी हं", ही आमची वाक्यं. ज्या गोष्टी एरवी आम्ही एकमेकींच्या कानातही सांगणार नाही, त्या या वाक्यांच्या मागून सरळ सभेत येऊन बसतात. दारू, सिनेमा, शिव्या यांच्याबद्दल आमचे कान किती तिखट! याला मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हटलं.

याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे की प्रत्येक जण स्वतःच्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. भुलवण्यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे तो आमिष लावण्याचा आहे, हे एका अभ्यासवर्गात ऐकलं होतं. गळाला आमिष लावायचं तर ते माशाच्या आवडीचं लागतं. मला कुणी पैशाचं आमिष दाखवलं तर मी बहुधा वळूनही बघणार नाही, आणि याचा मला उगाच अभिमानही आहे. माझं आमिष वेगळं आहे. "मला आतलं माहीत आहे" एवढं पुरतं मला.

गुरुवार, रात्र

दिवसभर पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १०:१३ डोक्यात. देव परीक्षेबरोबर "तिच्यातून निभावण्याचा उपायही करील". मी स्वतःशी वाद घालत होते: काल कुठे होता उपाय? मग आठवलं. माझ्या शेजारी बसलेल्या आजी. त्यांची पाळी माझ्या आधी होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "माझा काही विषय नाही आज." दोन सेकंद लागले त्यांना. दार इतकं जवळ होतं, आणि मला ते दार वाटलंच नाही, कारण त्यातून बाहेर पडताना कुणी बघितलं नसतं.

योसेफाच्या गोष्टीतही असंच आहे, पण ते आपल्याला दिसत नाही, कारण त्याचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. त्याच्या धन्याची, पोटीफराची, बायको रोज त्याच्या मागे लागलेली, तो रोज नाही म्हणतोय. शेवटच्या दिवशी त्याने कुठलंही तेजस्वी वाक्य म्हटलेलं नाही. (ते आधी म्हणून झालं होतं.) वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. अर्धवट कपड्यांत पळणारा माणूस दिसायला काही पवित्र दिसत नाही. आणि त्याबद्दल त्याला काय मिळालं, तर तुरुंग. तेच वस्त्र पुरावा म्हणून दाखवलं गेलं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, ३९९ मध्ये वारला. मनात येणाऱ्या घातक विचारांचे त्याने आठ प्रकार पाडले: खादाडपणा, व्यभिचार, लोभ, खिन्नता, राग, आळसट कंटाळा, पोकळ बढाई आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरीच्या हातून या यादीची फेरमांडणी झाली आणि तिचीच सात पापं झाली. पण मला ती यादी आठवली ती त्याच्या एका निरीक्षणामुळे. त्याने म्हटलंय की बढाईचा विचार बाकीच्यांसारखा वागत नाही. इतर विचार हरून पडले की हा निर्लज्जपणे पुढे येतो आणि त्या साधूला त्याच्या सद्गुणांची लांबलचक यादी वाचून दाखवतो.

मी उठून वहीचं मागचं पान उघडलं. चार जुडगे आणि तीन सुट्या रेघा. यादीच ती.

आजची रेघ मारली नाही. मोबाईल बाहेरच होता, तरी.

शुक्रवार

लेवीय १९. काहीतरी कोरडं वाचावं, मनाला लागणार नाही असं, म्हणून लेवीय, जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक, काढलं होतं. फसले.

दुसऱ्याच वचनात आहे, "तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे." पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात हीच आज्ञा उचलली आहे, आणि आमच्याकडे पावित्र्यावरचा प्रत्येक उपदेश याच वाक्याने सुरू होतो. पण उपदेशात ते वाक्य झालं की आपण लगेच नजर, मन, देह, मोबाईल यांच्याकडे वळतो. मूळ अध्याय तिकडे वळतच नाही, निदान लवकर तरी नाही. तो म्हणतो, कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी सोड. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. मापात खोट नको. आणि बरोबर सोळाव्या वचनात: आपल्या लोकांमध्ये चहाड्या करत फिरू नको.

बहिऱ्याला शिव्या, यावर मी बराच वेळ अडकले. त्याला ऐकूच येत नाही, मग त्याचं काय बिघडलं? बुधवारी तीही तिथे नव्हती. तिलाही काही ऐकू येत नव्हतं.

पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, देवासाठी राखून ठेवलेलं, हे मी मुलांना शिकवतेसुद्धा. पण माझं वेगळं काढणं म्हणजे दार लावून एकटीने आतून कडी घालणं झालं होतं. तेवीस दिवसांच्या त्या हिशेबात दुसरं माणूसच नाही. या अध्यायात तर माणसांची गर्दी आहे: मजूर, म्हातारे, परके, बहिरे, आंधळे. ज्यांच्यापासून दूर राहून मी पवित्र व्हायला निघाले होते ते सगळे इथे पावित्र्याच्या आत उभे आहेत.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" म्हणताना आज अडखळले. आपल्याकडे प्रार्थनेत परीक्षा म्हणतो, उपदेशात मोह म्हणतो. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द. म्हणूनच हे वाक्य जगभर लोकांना खटकत आलंय, कारण याकोब तर स्वच्छ सांगतो की देव कुणाला मोहात घालत नाही. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये उपासनेतलं हे वाक्य बदललं, इटालियन कॅथलिकांनी २०२० मध्ये. मला तो वाद आवडतो, वाचत बसायला बरा वाटतो. आज लक्षात आलं की मी तासभर त्यावरच वाचत बसलेय आणि तिला फोन करायचा राहिलाय.

संत ऑगस्टीनची तरुणपणची प्रार्थना सगळ्यांना माहीत असते: मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. आपण ती विनोद म्हणून सांगतो. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत तो रडत होता तेव्हा एकतीस वर्षांचा होता, आणि "उद्या, उद्या, आत्ता का नाही" असं स्वतःलाच विचारत होता. मी आज तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. कामात असेल. मुली झोपल्या असतील. तिला कळलंच नसेल तर उगाच कशाला दुखवायचं? हे शेवटचं तर किती प्रेमळ वाटतं ऐकायला.

शनिवार

फोन केला.

तिला कळलं होतं. गुरुवारी सकाळीच एकीने तिला फोन करून सांगितलं होतं, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय, धीर सोडू नका." धीर कशाला सोडायचा हे विचारायच्या आत तिला सगळं समजलं.

मी माफी मागितली. पाठ करून ठेवलेली मागितली आणि मध्येच विसरले. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी हातात मिळालं असतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू स्वतः केलीस का गं माझ्यासाठी प्रार्थना? मी सांगितल्यापासून?"

मी गप्प.

"बरं, ठेवते. मुली उठल्यात," म्हणाली.

नव्हती केली. रविवारी तिने सांगितलं, बुधवारी मी सभेत बोलले; मधल्या तीन दिवसांत एकदाही नाही. दावीद राजाच्या पापाची गोष्ट सांगताना आपण थेट गच्चीवर जातो, जिथून त्याने दुसऱ्याच्या बायकोला अंघोळ करताना पाहिलं. पण २ शमुवेल ११ ची सुरुवात त्याच्या आधीची आहे: राजांनी लढाईवर जायचे दिवस होते आणि दाविदाने आपल्या सेनापतीला, यवाबाला, पाठवलं, स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून तो गच्चीवर फिरायला गेला. जिथे असायला हवं होतं तिथे तो नव्हता, एवढंच आहे त्या वचनात. माझं काम होतं गुडघे टेकून ते ओझं उचलायचं. ते केलं नाही, म्हणून ती गोष्ट माझ्यात नुसती पडून राहिली, आणि पडून राहिलेली गोष्ट सांगावीशी वाटायला लागते.

रात्री तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. शब्द फार सुचले नाहीत. मग मुलींची नावं घेतली.

रविवार

आज प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरसाचा विधी. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं मत्तय ५ मध्ये आहे. समेट झालाय का, मला माहीत नाही. मी विचारलं, तिने ऐकलं. पुढे तिच्याकडे आहे, आणि तिथे मी ढकलाढकली करायची नाही, एवढं ठरवलं.

ती आली होती. दोन्ही मुलींना घेऊन पुढच्या रांगेत बसली. बाहेर पडताना सगळ्यांसारखाच माझाही हात हातात घेतला, सगळ्यांइतकाच वेळ.

वहीचं मागचं पान फाडलं. मोबाईल बाहेर ठेवतेच अजून.

बुधवार, रात्र

पुन्हा सभा. पुन्हा विषय.

माझी पाळी आली. म्हटलं, "माझ्या जिभेसाठी करा." कुणीतरी हसलं. पाळकांनी मान वर करून बघितलं आणि थांबले, मी पुढे काही बोलेन म्हणून.

आणि मला बोलावंसं वाटलं! सविस्तर, अगदी रडून, गेल्या बुधवारी मी काय केलं, मग फोनवर काय झालं, ती काय म्हणाली. सुंदर कबुली झाली असती. खोली पुन्हा तशीच शांत झाली असती. आणि तिची गोष्ट दुसऱ्यांदा सगळ्यांच्या मांडीवर जाऊन पडली असती. लूक म्हणतो की सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. माझ्या बाबतीत त्याने फक्त आठवडा घेतला.

"एवढंच," मी म्हटलं.

शेजारच्या आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग त्यांनी त्यांचा विषय सांगितला. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, येत्या मंगळवारी.