पत्रकांची कोरी पाठ

सलून सुरू करून आठ महिने झाले होते. शनिवार-रविवार बरे जायचे, पण मंगळवार-बुधवारी दुपारी मी आणि माझी मदतनीस माशा मारत बसायचो. होते नव्हते ते पैसे मी पत्रकं छापण्यात आणि ‘पहिल्या हेअरकटवर अर्धी सवलत’ देण्यात घालवले होते. सवलतीच्या आठवड्यात उभं राहून राहून पाठ धरली. पुढच्या महिन्यात पुन्हा सामसूम.

अशाच एका रिकाम्या दुपारी वही काढून मोजायला बसले. तीन महिन्यांत नवीन 58 जणी आल्या होत्या. दुसऱ्यांदा आलेल्या किती? 13. नवं गिऱ्हाईक कुठून आणायचं या काळजीत मी रात्री जागवत होते, आणि रांजण खालून गळत होता!

मनाचा हिय्या करून काही जणींना फोन केला. शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती, पण बहुतेकींचं उत्तर एकच: “अहो, राहूनच गेलं.” केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. आखूड कटचा आकार चार-सहा आठवड्यांत बिघडतो, कलरखालची मुळंही त्याच सुमारास डोकावू लागतात. हे आम्हाला पाठ असतं, गिऱ्हाइकाला नसतं. तिला एक दिवस आरशात बघून नुसता वैताग येतो, आणि वाटेत जे सलून दिसेल त्यात ती शिरते.

मग मी ती खुर्चीतून उठायच्या आत बोलू लागले. “हा कट पाच आठवडे छान बसेल, नंतर मानेवर जड वाटेल. पाच आठवड्यांनंतरचा बुधवार लिहून ठेवू?” बुधवार मुद्दाम. पहिले काही दिवस जीभ अडखळायची, उगाच गळ्यात पडतेय असं वाटायचं. पण केव्हा यायचं हे कोणीतरी ठरवून दिलं की लोकांना बरंच वाटतं, असं दिसलं. तारीख लिहून द्यायला कार्डं छापायची ऐपत नव्हती. उरलेल्या पत्रकांची पाठ कोरी होती, तीच कापून वापरली.

वहीत प्रत्येकीच्या नावापुढे कलरचा शेड नंबर, डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं द्रावण) कुठला, भांग कुठे पडतो, हे टिपू लागले. “मागच्यासारखंच, पण कानावर थोडे लांब ना?” एवढं विचारलं तरी चेहरा खुलतो. कपाळावरच्या बटा मधल्या काळात फुकट नीट करून देते, पाच मिनिटांचं काम.

व्हॉट्सॲप बिझनेसने मात्र आधी तोंडावर पाडलं. ब्रॉडकास्ट यादी करून झोकात निरोप पाठवला, एकीचंही उत्तर नाही. नंतर कळलं, आपला नंबर ज्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहे त्यांनाच तो पोहोचतो. आता तारीख लिहितानाच नंबर सेव्ह करायला सांगते. आदल्या दिवशीची आठवण मात्र एकेकीला नावाने पाठवते. त्यामुळे न कळवता दांडी मारणाऱ्या बऱ्याच कमी झाल्या.

गूगल मॅपवरची नोंद फुकट होती, तरी माझ्या नोंदीत वेळ चुकीची आणि फोटो एकच, तोही बंद शटरचा. ती दुरुस्त केली, खिडकीच्या उजेडात परवानगीने काढलेले आधीचे-नंतरचे फोटो टाकले. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट द्यायच्या बेतात होते, पण ते गूगलच्या नियमात बसत नाही. मग नुसतंच विचारू लागले. खूश होऊन निघालेली बाई दारातच दोन ओळी लिहिते; घरी गेली की विसरते.

बुधवार अजून काठोकाठ भरत नाही, पण परवा दुपारी दोन्ही खुर्च्या चालू होत्या आणि मदतनीस जेवायला उशीर झाला म्हणून फुगून बसली होती. तेवढ्यात एकीने तारखेची चिठ्ठी उलटून बघितली आणि विचारलं, “अय्या, ही सवलत अजून आहे का हो?”