दळणाला किती वेळ लागतो?

परवा दुपारी एकच प्रोग्राम लागोपाठ दोनदा चालवला. आधी तीन सेकंद लागले, मग साडेचार. कोडमधला स्वल्पविरामही हललेला नव्हता. बाहेर सोलापूरचा मे महिना आणि पंखा आपला गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत होता.

लहानपणी आई ज्वारीचा डबा हातात देऊन गिरणीत पिटाळायची. दळायला पाच मिनिटंही लागत नसत, पण डबा रांगेत ठेवून पट्ट्याची फटफट ऐकत ताटकळायचं. नंबर कुणाचा यावर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी तिन्ही भाषांत भांडणं चालायची. तेवढ्यात कुणीतरी ‘पाहुणे आलेत हो, किलोभरच घाला’ म्हणत पुढे घुसायचं. भुवयांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला मान हलवायचा आणि आमचा डबा मागे. खरी धास्ती बेसनाची असे. हरभराडाळ दळून झाली की तिचं पीठ जात्यात अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, म्हणून बेसनामागे नंबर लावायला ज्वारीवाल्या बायका तयार नसत. घरी पोचल्यावर आई एवढंच विचारायची, ‘कुठं उलथला होतास इतका वेळ?’

प्रोसेसरपुढेही प्रोग्रामांची अशीच रांग असते आणि नंबर कुणाचा हे ठरवणारा शेड्युलर तिथला गिरणीवाला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘टाइम’ कमांड दिली की तीन आकडे येतात: रिअल, युजर आणि सिस. आई विचारायची तो रिअल. प्रत्यक्ष दळण्याचा तो युजर, आणि कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, आपल्यासाठी केलेल्या कामाचा सिस. रांगेत बसल्याचा वेळ युजरमध्ये धरत नाहीत, म्हणून लोक त्याला सोवळा समजतात. तो तसा नाही. आपला प्रोग्राम बाजूला बसवून दुसऱ्याला चालवलं, की तो दुसरा कॅशमधला, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान साठ्यातला, आपला डेटा हुसकावून लावतो. परत नंबर लागला की सगळं पुन्हा मेमरीतून आणायचं, आणि तो खर्च आपल्याच युजरच्या नावावर पडतो. बेसन, दुसरं काय!

लिनक्समध्ये २००७ साली इंगो मोलनार यांचा सीएफएस हा शेड्युलर आला, ६.६ आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, त्याच्या जागी ईईव्हीडीएफ हा दुसरा. गिरणीवालाच बदलला. ‘आमचं कोड वीस टक्के वेगवान’ म्हणणाऱ्यानं कर्नल कोणता आणि किती वेळा मोजलं हे सांगितलं नाही, तर मी ते फार मनावर घेत नाही.

माझं मोजमाप पहाटे चालतं. ब्राउझर बंद, अपडेट बंद, ‘टास्कसेट’ कमांडनं प्रोग्राम प्रोसेसरच्या एकाच कोरला बांधलेला, पहिली फेरी फेकून द्यायची. घरचे हसतात. पण तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि सोलापुरात दुपारी मोजायचं म्हणजे निम्मं हवामान मोजण्यासारखं आहे. बऱ्याच फेऱ्यांतला सगळ्यात लहान आकडा घ्यावा, कारण शेजाऱ्यांच्या लुडबुडीनं वेळ सहसा वाढतोच, हेही मला पटतं.

फक्त ज्यांच्यासाठी हे लिहितो ते पहाटे उठून, सगळं बंद करून प्रोग्राम चालवत नाहीत. त्यांच्याकडे ब्राउझरच्या चाळीस खिडक्या, मागे अँटिव्हायरस, आणि वेळ नेमकी गर्दीची. म्हणून अहवालात मी लहान आकडा देतो आणि मधलाही देतो. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडी लहानच असतो, त्याला माझा इलाज नाही.