पिंपाच्या आधी एक टेबल

लेकीच्या शाळेत, इथे न्यू जर्सीत, मी अधूनमधून लंच ड्यूटी करते. काम फारसं नसतं. केचपच्या पुड्या फोडून द्यायच्या, सांडलेलं पुसायचं आणि कचऱ्याच्या पिंपापाशी उभं राहायचं. जीव कासावीस होतो तो तिथे. पोरं रांगेने येऊन ट्रे उलटा करतात. न फोडलेलं दुधाचं खोकं, स्टिकरसकट सफरचंद, बंद पाकिटातली गाजरं, सगळं आत.

पोरांना काय बोलणार? शाळेच्या जेवणातल्या पाच प्रकारांतले निदान तीन घ्यायचे आणि त्यांत फळ किंवा भाजी हवीच, असा २०१२ पासूनचा नियम. नाहीतर त्या जेवणाचे केंद्राचे पैसे शाळेला मिळत नाहीत. म्हणून सफरचंद ट्रेमध्ये येतं. पोटात जाईलच असं नाही.

"उरलेलं कुणाला देत का नाही?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: कोणी आजारी पडलं तर केस होईल. इथे केसचं नाव काढलं की वाद मिटतो. खरं तर चांगल्या हेतूने अन्न दान करणाऱ्याला संरक्षण देणारा बिल इमर्सन कायदा १९९६ पासून आहे, आणि शाळांनी उरलेलं अन्न गरजूंसाठी अन्न गोळा करणाऱ्या फूड बँकेला द्यायला केंद्राची मुभाही आहे. कागद छापून नेले. ऑफिसातल्या बाईंनी ते शांतपणे वाचले नि म्हणाल्या, "बरं, फ्रिज कोण देणार?"

खरी गोम तीच. दूध ४१ अंश फॅरनहाइटच्या खाली राहायला हवं. मग आधी नुसतं एक 'शेअर टेबल' मांडलं. ज्याला नको त्याने बंद वस्तू तिथे ठेवायची, ज्याला हवी त्याने उचलायची. दुधाखाली बर्फ. उष्टं चालणार नाही, घरच्या डब्यातलंही नाही. ॲलर्जीची भानगड नको. उष्ट्याचा नियम मला कुणी समजवावा लागला नाही, आजीच्या हाताखाली वाढलेय.

मौज म्हणजे टेबलावरचं बरंचसं तिथेच संपतं. चीजच्या कांड्या तर दोन मिनिटांत गायब. एक मुलगा रोज जास्तीचं दूध पितो आणि एक खोकं दप्तरात टाकतो. नियमात ते बसतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. शुक्रवारी जे उरतं ते एक आई आइसबॉक्समधून जवळच्या फूड पँट्रीत पोचवते.

आता माझी मागणी आहे, आधी मैदान, मग जेवण. खेळून भुकेजलेली पोरं जास्त खातात. पण वेळापत्रकाला हात लावायचा म्हटल्यावर ऑफिसातल्या त्याच बाई पुन्हा शांतपणे माझ्याकडे बघायला लागल्यात.