भुसावळ ते बुडापेस्ट : वहीत मांडलेला युरोप

माझी छत्तीस वर्षं रेल्वे आरक्षणाच्या खिडकीमागे गेली. त्या खिडकीतून एक गोष्ट रोज दिसायची. ज्याला कुठं जायचंय हे आधी ठाऊक आहे, त्याचा प्रवास स्वस्तात होतो. बाकीचे तत्काळच्या रांगेत उभे राहून सरकारला शिव्या देतात. निवृत्तीनंतर युरोपला जायचं ठरलं, तेव्हा हिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी दोनशे पानी वही आणली. प्रश्न होता, "परवडेल का?"

आम्ही चौघं. मी, ही, अमळनेरची अक्का आणि दाजी. सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. सहल कंपनीने तेवढ्याच दिवसांचे माणशी पावणेतीन लाख सांगितले होते. आमचा खर्च, भुसावळहून निघून भुसावळला परत येईपर्यंत, माणशी एक लाख साठ हजारांच्या आसपास बसला. गेल्या काही महिन्यांत दहा-बारा जणांनी "कसं जमवलं" विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिली दोन पानं तारखांतच गेली. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, शाळांना सुट्टी असते, आणि सगळ्यांना तेव्हाच बाहेर पडायचं असतं. जून ते ऑगस्ट तिकडच्या लोकांच्याही सुट्ट्या. या काळात विमान आणि खोली, दोन्ही महाग. आम्ही ठरवलं, अनंत चतुर्दशी झाली की निघायचं आणि घटस्थापनेला घरी. २०२५ साली ६ सप्टेंबरला विसर्जन होतं, २२ ला घट बसणार होते. मधले बारा मुक्काम आमचे. दाजींच्या आईने "पितृपाटात कुठं निघाले" म्हणून कुरकुर केली, पण बाकीच्यांच्याही मनात तेच असतं म्हणून की काय, भाडं जरा उतरलेलं मिळालं. सप्टेंबरात हवा छान, दिवस मोठा. फक्त एक सांभाळा : सप्टेंबरच्या शेवटाकडे म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव लागतो (त्या वर्षी २० सप्टेंबरला सुरू झाला), तेव्हा त्या गावात खोलीचे भाव विचारायचीही सोय नाही. नाव ऑक्टोबरचं, सुरुवात सप्टेंबरात.

मग नकाशा. दाजींना पॅरिस हवं होतं, अक्काला स्वित्झर्लंड, हिला व्हेनिस. मी भिंतीवर नकाशा लावला आणि म्हटलं, एका रुळावर येतील तीच गावं. नागपूरला जाताना कोणी आधी सुरतेला जात नाही. भाडं वाढतं ते गावांच्या संख्येमुळे कमी, उलटसुलट धावण्यामुळे जास्त. शेवटी बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी रेष ठरली. बर्लिन ते प्राग साधारण साडेचार तास, प्राग ते व्हिएन्ना चार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. एकही प्रवास भुसावळ-मुंबईएवढाही नाही. शिवाय प्राग आणि बुडापेस्टला खाणं-राहणं पश्चिमेकडच्या शहरांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. मुक्काम तीन, तीन, चार, दोन असे वाटले. बुडापेस्टला दोन कमी पडले. पुन्हा गेलो तर तिथे तीन ठेवीन आणि बर्लिनचा एक कापीन. हिचं मत वेगळं आहे.

विमानाचं तिकीट काढताना जाण्या-येण्याचं एकाच शहराचं काढू नका. शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडून मुंबई ते बर्लिन आणि बुडापेस्ट ते मुंबई असं टाका. भाडं साध्या रिटर्नच्या जवळपासच आलं, आणि बर्लिनला परत जाण्याचा एक दिवस आणि रेल्वेचं भाडं वाचलं. आखातात एक थांबा होता.

आता व्हिसा, म्हणजे वहीची सगळ्यांत जास्त पानं. जर्मनी, चेकिया, ऑस्ट्रिया, हंगेरी हे चारही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, म्हणून व्हिसा एकच. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याला नियम आहे : जिथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे, मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. म्हणून व्हिएन्नाला चार रात्री ठेवल्या आणि ऑस्ट्रियाकडे अर्ज केला. मुक्काम वाटतानाच हे डोक्यात ठेवा, नंतर बदलू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहाल तर फसाल. अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी लढाई असते. आम्ही जूनमध्ये मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. फी माणशी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं, आणि नाकारला तरी फी परत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी.

बँकेचं स्टेटमेंट हा आपल्या लोकांचा घोळ. अर्जाच्या आधी आठ दिवस भावाकडून, मेहुण्याकडून तीन लाख आणून खात्यात टाकतात. ते तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं. दाजींचा कापसाचा पैसा एकदम जमा झालेला होता, म्हणून आम्ही बाजार समितीच्या पावत्या जोडल्या आणि एका पानात कुठून आला ते लिहून दिलं. काही अडलं नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही विकत घेऊ नका. राहण्याची जागा "रद्द केल्यास पैसे परत" अशीच धरा. आम्ही ती मार्चमध्येच धरून ठेवली होती. जुलैत व्हिसा आला, त्याच रात्री रेल्वेची तिकिटं काढली.

इथे माझा जीव रमला, त्यामुळे जरा लांबण लागेल. आपल्याकडे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. तिकडे कंपनीगणिक वेगळा काळ असतो, पण खरा फरक भाड्यात आहे. आपलं भाडं अंतरावर ठरतं, त्यांचं मागणीवर. त्याच गाडीचं, त्याच डब्यातलं तिकीट दोन महिने आधी वीस युरोंत आणि आदल्या दिवशी साठ-सत्तरला. माझ्यासारख्या माणसाला हे पचायला वेळ लागला. ही स्वस्त तिकिटं त्याच गाडीपुरती असतात. गाडी चुकली तर तिकीट गेलं, पैसेही गेले. जर्मन रेल्वेचं 'श्पारप्राइस', ऑस्ट्रियाचं 'श्पारशिने' ही त्यांची नावं. तिकीट थेट त्या त्या रेल्वेच्या साइटवर काढा, मध्यस्थ वरून पैसे लावतो. आणि अनेक प्रवासांचा एकत्र रेल्वे पास घेण्याआधी बेरीज करा. आमची तीन तिकिटं मिळून माणशी पंचाहत्तर युरोंच्या आत आली, पास त्याहून महाग पडला असता.

दुसरी खूण. जर्मन गाड्यांत तिकीट काढलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. जागेचं आरक्षण वेगळं, थोडे पैसे देऊन. तरुणांनी सोडलं तरी चालेल, आम्ही घेतलं. बर्लिनहून प्रागला जाताना डाव्या हाताची खिडकी घ्या. ड्रेस्डेननंतर गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, पलीकडे वाळूच्या खडकांचे उभे कडे. अक्काला तापी आठवली. ते कडे बघून मला पाटणादेवी आठवली, पण मी बोललो नाही, कारण त्यावरून वाद झाला असता.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. चौघांत एक घर रात्रीला एकशे दहा-वीस युरो, म्हणजे माणशी तीस. स्टेशनजवळच हवं असं नाही, ट्राम-मेट्रोच्या थांब्याजवळ हवं. लिफ्ट आहे का ते विचारा. आम्ही प्रागला विचारलं नाही, आणि दाजींनी चार मजले दोन बॅगा चढवल्या.

खाण्याचं सामान किती न्यायचं यावर घरात बैठक झाली. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, तूप, पनीर घरीच ठेवा. फळांना, भाज्यांनाही प्रमाणपत्र लागतं. पण जी पाच फळं त्यातून सुटली आहेत त्यांत केळी आहेत! हे वाचून दाजी इतके खूश झाले, की रावेरची फणी बॅगेत घालायला निघाले होते. आम्ही शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, तूरडाळ, तांदूळ, बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि ठेचा नेला. एक वेळ घरी, एक वेळ बाहेर. दिवसाला माणशी वीस युरोंत भागलं.

व्हिएन्नाला आम्ही १४ तारखेला, रविवारी पोचलो. माझ्या वहीत वार लिहिलेला होता, अर्थ लिहिलेला नव्हता. ऑस्ट्रियात आणि जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातलं एखादं उघडं असतं, पण ते आम्ही मागे टाकून आलो होतो. त्या रात्री डाळ-भात आणि बिबड्या. दुसऱ्या दिवशी ब्रुनेनमार्क्ट या बाजारात गेलो. तिथे तुर्की लोकांच्या दुकानांत वांगी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर सगळं मिळालं. भरीत करायचं ठरलं. पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजण्याचा प्रश्नच नव्हता, आणि गॅसवर धरलं असतं तर छतावरचा धुराचा भोंगा वाजला असता. वांगी ओव्हनमध्ये भाजली. चव जळगावची नाही, पण हिने ताट पुसून खाल्लं.

व्हिएन्नाचं नळाचं पाणी आल्प्सच्या डोंगरांतून येतं. ती जलवाहिनी १८७३ सालची. रस्त्यारस्त्यांवर पाण्याचे नळ. "हाई पानी फुकट शे?" असं दाजींनी तीनदा विचारलं. बाटली घरून न्या. शौचालयाला मात्र पन्नास सेंट ते एक युरो पडतो, सुटी नाणी खिशात ठेवा.

फुकटात बघण्यासारखं पुष्कळ आहे. बर्लिनच्या संसदेचा काचेचा घुमट फुकट, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, तेव्हा पासपोर्ट सोबत. शोनब्रुन राजवाड्याची बाग फुकट. प्रागचा चार्ल्स पूल सकाळी सहाला बघा, दहानंतर तिथे यात्रा असते. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात. आम्ही एक अंक उभे राहिलो आणि गुडघ्यांचं ऐकून बाहेर पडलो. एका दिवसात स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हाही झाली, व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर. वेळ असेल तरच करा.

पैशांचं थोडक्यात. चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट, युरो नव्हे. एका युरोला साधारण २४ कोरुना किंवा ३९० फोरिंट मिळत होते. विमानतळावर बदलू नका. कार्ड वापरताना यंत्र विचारतं, "रुपयांत कापू का?" नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांत कापलं की दर वाईट लागतो. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या विमानतळावर तास-दीड तास धरून चाला, पुढची गाडी लगेचची काढू नका. मुंबईलाही एक दिवस आधी पोचा. पावसात कसाऱ्याला काय होईल ते मीही सांगू शकत नाही.

एक गोष्ट लपवणार होतो, पण हिने लिहायला लावली. एका शहरात, नाव सांगत नाही, चूक माझीच, मी ट्रामची चार कागदी तिकिटं काढली आणि खिशात ठेवली. ती दारातल्या छोट्या यंत्रात घालून वेळेचा शिक्का मारून घ्यायची असतात, नाहीतर ती तिकिटंच नव्हेत. तपासनीस आला. छत्तीस वर्षं तिकिटं विकलेला माणूस विनातिकीट सापडला! दंडात चौघं दोन दिवस पोटभर जेवली असती. त्यापुढे आम्ही २४ किंवा ७२ तासांची तिकिटं घेतली. एकदा शिक्का, मग कितीही फिरा.

बुडापेस्टला शेवटच्या दिवशी सगळे डॅन्यूबकाठच्या दोन नंबरच्या ट्राममध्ये बसले. मी मात्र एक नंबरच्या मेट्रोकडे गेलो. १८९६ सालची, युरोप खंडावरची पहिली भुयारी रेल्वे. पिवळे छोटे डबे, फरशीच्या भिंती, रस्त्याखाली जेमतेम एक जिना. या टोकाहून त्या टोकाला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. संध्याकाळी घरी पोचल्यावर ही चहा टाकत होती. मेट्रो कशी होती हे विचारलंच नाही.

"शिक्का मारला होता ना?"